चार बोटं खाली

“...तं मंग भंतेजी, तुमीच सांगा. उंट ओव्हररेटेड आहे का नाही?”

भंते सुमेधकीर्ती झाडत होते. विहारामागच्या बास्केटबॉल कोर्टावर कडुनिंबाची पानं पडली होती. प्रश्न कानावर आला तसा खराटा थांबला.

“कोणता उंट?”

“अमेरिकेतला.”

“तिकडेही असतात?”

संदेश हसला. प्रसेनजित हसला नाही.

“खेळाडू आहे भंतेजी. सव्वासात फुटाचा. म्हनून आमी त्याले उंट म्हन्तो. करोडो रुपये घेते, अन् मोकळा उभा राहून टाकलेला चेंडू रिंगमधे जात नाही. ओव्हररेटेड म्हन्जे, भाव जास्त अन् माल कमी.”

“किती?”

“काय किती?”

“माल कमी म्हणालास. किती कमी?”

प्रसेनजितनं संदेशकडे पाहिलं. संदेशनं आकाशाकडे पाहिलं.

“लय कमी.”

“लय म्हणजे किती?”

...

मी जन्मात पुष्कळ वाद ऐकले आहेत, काही घातलेही आहेत. हा प्रश्न त्यात कोणी कोणाला विचारत नाही. विचारला तर वाद लगेच संपेल आणि मग सकाळभर करायचं काय?

ही उत्तर नागपुरातली गोष्ट. अमेरिकेत रात्री सामने चालतात तेव्हा इथं सकाळ असते. वस्तीतली पोरं दात घासायच्या आधी फोन उघडतात. सामना संपला की विहारामागच्या कडुनिंबाखाली जमतात आणि न्यायालय भरतं. त्या न्यायालयाचा न्यायाधीश म्हणजे प्रसेनजित डोंगरे. वय बावीस, उंची सहा फूट दोन इंच, जीभ त्याहून लांब.

त्याच्यापुढून कोणी निर्दोष सुटत नसे. त्या परदेशी खेळाडूंची खरी नावं मी इथं लिहीत नाही. त्यांनी माझं काही बिघडवलेलं नाही. पोरांनी ठेवलेली नावं पुरेशी आहेत : उंट, डावऱ्या, पट्टीवाला.

संदेश वासनिक हा त्याचा लहानपणापासूनचा मित्र. बुटका, काटक आणि हट्टी. न्यायालयात तो नेहमी आरोपीचा वकील असे आणि नेहमी हरे.

त्या दिवशी मात्र दोघांची भांडणं हातघाईवर आली. उंटावरून. शेवटी संदेश म्हणाला, चल, भंतेजींनाच विचारू.

भंते पूर्वी स्वतः खेळलेले. चीवर घेण्याआधी बरीच वर्षं त्यांनी मोठमोठ्या संघांतून मैदान गाजवलं होतं, असं म्हातारी माणसं सांगतात. आता ते चेंडूला हात लावत नाहीत. भिक्खूनं खेळू नये, असा नियम. चेंडू घरंगळत पायाशी आला तर ते बाजूला होतात. कडेला उभं राहून पोरांना सगळं शिकवतात मात्र.

“बरं, तो डावऱ्या?” भंतेंनी विचारलं. त्यांना नावं ठाऊक होती तर!

“ओव्हररेटेड.”

“पट्टीवाला?”

“तो तं सगळ्यात जास्त. डोक्याले पट्टी बांधली का झाला खेळाडू. बडा घर पोकळ वासा.”

“तू पाहिलंस त्यांना?”

“रोज पायतो. फोनवर.”

“फोनवर उंट केवढा दिसतो?”

प्रसेनजितनं करंगळी वर केली. “एवढा.”

“सव्वासात फुटांचा माणूस तू एवढासा करून पाहतोस,” भंते म्हणाले. “आणि म्हणतोस, लोकांनी त्याला मोठा केला.”

संदेश खो खो हसला. प्रसेनजितचे कान लाल झाले. थंडीचे दिवस होते, पण ते थंडीनं झाले नव्हते.

“हसून काय राहिला बे?”

“हसू नाही तं काय करू? भंतेजी, उंट गेला उडत. याले इचारा, आज रातच्या गाडीनं हा पुण्याले जाऊन राहिला का नाही.”

“तू चूप बस.”

“तिकीट काढलं आहे. काकूनं सकाळी उठून तिखटाच्या पुऱ्या केल्या. अन् हा म्हन्ते, मी जात नाही.”

भंतेंनी खराटा भिंतीला टेकवला.

पुण्याची गोष्ट सगळ्या वस्तीला ठाऊक होती. दिवाळीच्या सुमारास याच कोर्टावर प्रसेनजितनं धावत येऊन उडी मारली आणि दोन्ही हातांनी चेंडू वरून रिंगमध्ये ठोकला. याला डंक म्हणतात. आपल्याकडे तो फार थोड्यांना जमतो. संदेशनं ते फोनवर टिपलं. तो व्हिडिओ या फोनवरून त्या फोनवर असा हिंडत हिंडत पुण्याच्या एका व्यावसायिक संघाच्या प्रशिक्षकापर्यंत पोचला. त्यांचं बोलावणं आलं : चाचणीला ये.

वस्तीतून आजवर कोणाला असं बोलावणं आलं नव्हतं. प्रसेनजितची आई त्या दिवशी ज्याला त्याला थांबवून सांगत होती. ज्यांना बास्केटबॉल म्हणजे काय ते कळत नाही, त्यांनाही.

“का जात नाहीस?” भंतेंनी विचारलं.

“तो संघच ओव्हररेटेड आहे.”

“अच्छा.”

“त्यायचा कोचही. नुसतं नाव आहे. अन् ती लीग तं इचारूच नका. चार दिवस दिवे लावतात, गाने वाजवतात, झालं.”

“सगळेच?”

“सगळेच.”

“एखादा तरी असेल. जेवढं नाव, तेवढाच माणूस.”

...

“तू?”

प्रसेनजितला कोणत्याही प्रश्नाचं उत्तर चेंडू जमिनीला लागायच्या आत देता येई. आता तो आपल्या बुटांच्या नाड्या पाहत उभा राहिला.

“व्हिडिओत केलंस ते करून दाखव,” भंते म्हणाले.

“आत्ता?”

“आत्ता.”

“गुडघा दुखून राहिला, भंतेजी.”

“कायले खोटं बोलतो बे,” संदेश म्हणाला. “सकाळीच तं ठोकला होता.”

भंते नुसते उभे राहिले. त्यांचं असं उभं राहणं फार वाईट. ओरडणाऱ्या माणसापुढून पळता येतं.

प्रसेनजितनं चेंडू उचलला. मागे गेला. तीनदा आपटला, धावला आणि उडाला.

धाड!

रिंग थरथरली. फळीवरची धूळ खाली आली. संदेशनं दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. हा डंक त्यानं शेकडो वेळा पाहिला असेल, पण दर वेळी त्याला तेवढाच आनंद व्हायचा. मित्र असावा तर असा.

प्रसेनजित खाली आला. त्यानं रिंगकडे वळून पाहिलंही नाही. एवढा पराक्रम करून त्याचं तोंड पडलेलं होतं.

“इकडे या,” भंते म्हणाले.

ते रिंगच्या खांबाशी उकिडवे बसले. चीवर गुडघ्याशी आवरून त्यांनी खांबाभोवतीची माती हातानं दूर केली.

“या खांबाखाली लोखंडी पाटी होती. चार बोल्टांची. कुठं गेली?”

संदेश वाकला. “दिसत नाही, भंतेजी.”

“कुठं गेली?”

“सिमेंटखाली गेली असन.”

“असेल नाही. गेली.”

आता हे सांगितलं पाहिजे. दोन वर्षांपूर्वी जुनं कोर्ट फुटलं होतं. पोरांचे गुडघे रोज सोलायचे. विहार कमिटीनं हाक दिली आणि वस्तीनं दान दिलं. कोणी सिमेंटची पोती, कोणी रेती, कोणी गिट्टी. ज्याच्याकडे काही नव्हतं त्यानं अंगमेहनत. सामान इतकं जमलं की गवंडी म्हणाला, एवढं लागत नाही, निम्म्यात काम होते.

पण दान परत कसं न्यायचं? दिलेली वस्तू कोणी घरी नेईना. कोर्टाच्या नावानं दिलेलं सिमेंट दुसऱ्या कामाला लावायलाही मन धजेना. अमक्याच्या आजीच्या स्मृतीत दिलेलं पोतं बाजूला ठेवायचं आणि तमक्याचं टाकायचं, हे सांगणार कोण? शेवटी कमिटीनं ठरवलं, सगळंच ओता.

सगळंच ओतलं. प्रसेनजित आणि संदेशनंही घमेली वाहिली. कोर्ट असं दणकट झालं की वरून रणगाडा न्यावा. फीत कापली, खीरदान झालं, फोटो निघाले. कोणाचंही दान वाया गेलं नाही, म्हणून सगळे समाधानानं घरी गेले.

खांब मात्र जुनाच होता, जिथल्या तिथं.

भंतेंनी डाव्या हाताची चार बोटं आडवी करून खांबाच्या पायाशी लावली.

“एवढं,” ते म्हणाले.

संदेशनं बोटांकडे पाहिलं. मग जमिनीकडे. मग मान वर करून रिंगकडे. त्याला वेळ लागला, पण कळलं.

“म्हन्जे... रिंग खाली आली?”

“रिंग जागेवरच आहे. जमीन वर आली.”

“मंग तो व्हिडिओ...”

त्यानं खिशातल्या फोनवर हात ठेवला.

“मले मालूम होतं,” प्रसेनजित म्हणाला.

आवाज इतका बारीक होता की तो त्याचा वाटला नाही.

“दिवाळीनंतर कॉलेजच्या ग्राउंडवर गेलो होतो. एकटाच. दुपारी कोनी नव्हतं. म्हटलं, इथं पन एक ठोकू. चेंडू पुढच्या कडीले लागला अन् तोंडावर आला. पुन्हा केलं. पुन्हा तसंच. हात पोचतच नव्हता. मंग खांबाजवळ जाऊन पायलं. तिथली पाटी जमिनीच्या वर होती.”

“अन् तू मले सांगितलं नाही?” संदेश म्हणाला.

“काय सांगू? का तुह्या दोस्ताचा डंक खोटा आहे?”

...

त्याच दिवसापासून कडुनिंबाखालचे खटले वाढले होते. आधी आठवड्याला एखादा माणूस ओव्हररेटेड ठरे, नंतर रोज दोघे-तिघे ठरू लागले. तो घाबरला होता. पुण्याची रिंग बरोबर उंचीवर असणार. तिथं पहिल्याच उडीत सगळ्यांना कळणार. जो शब्द त्यानं उंटावर आणि डावऱ्यावर फेकला होता, तो त्याच्याच कपाळी बसणार. आईनं ज्याला त्याला थांबवून सांगितलं होतं, ते सगळे परत भेटणार. कोणीही घाबरला असता. मी तर गाडी स्टेशनात यायच्या आधीच आजारी पडलो असतो.

“मलाही माहीत होतं,” भंते म्हणाले.

प्रसेनजितनं मान वर केली.

“कधीपासून?”

“सिमेंट ओलं होतं तेव्हापासून.”

“अन् बोलले नाही तुमी?”

“नाही.”

“रिंग वर घ्या म्हनाचं होतं ना! एक शब्द बोलाचा होता! मी त्याच्यावर नाव कमावलं. सारी वस्ती म्हन्ते, प्रसेन उडते. पुण्यावरून बोलावनं आलं. अन् तुमाले सगळं मालूम होतं! तुमीच मले फुगवलं, भंतेजी.”

“अबे,” संदेश कुजबुजला, “कोनाशी बोलून राहिला तू?”

“बोलू दे,” भंते म्हणाले. “बरोबर बोलतो. मीच फुगवलं.”

असं सरळ कबूल केल्यावर पुढं भांडायला काही उरत नाही. प्रसेनजितनं विचारलं,

“...काहून?”

“जुन्या कोर्टावर तुम्ही रिंगकडे मान वर करून पाहायचा. पाहायचा आणि जाऊन झाडाखाली बसायचा.”

“हो.”

“सिमेंट वाळलं. दुसऱ्या दिवशी तुझं मधलं बोट रिंगला लागलं. आठवतं?”

आठवत होतं. बोट लागलं म्हणून तो धावत घरी गेला होता आणि आईला बोट दाखवलं होतं. आईला बोटावर काहीच दिसलं नव्हतं.

“त्यानंतर एक तरी सकाळ उडी न मारता गेली?”

प्रसेनजितनं आठवून पाहिलं. गेली नव्हती. ताप होता तेव्हाही तो आला होता.

“पन ते सारं खोटं होतं, भंतेजी.”

“रिंग खोटी होती.” भंते उठून उभे राहिले. “उडी कोणाची होती?”

...

चिमण्या कोर्टावर उतरल्या, काही टिपून उडून गेल्या. विहारातून उदबत्तीचा वास येत होता. संदेशला काहीतरी बोलावंसं वाटत होतं, पण त्याच्या हयातीत पहिल्यांदाच त्याला कळलं की आता बोलू नये.

प्रसेनजितनं नाक पुसलं.

“पान्हा कुठं आहे?” त्यानं विचारलं.

भंते हसले नाहीत. पण त्यांना ओळखणारी माणसं सांगतात, त्या दिवसभर ते हसण्याच्या बेतात होते.

“मागच्या ओसरीत पेटी आहे. त्यात बघ.”

पान्हा तेलकट फडक्यात गुंडाळून ठेवलेला होता. शिडी शेजारीच उभी होती. संदेश लोखंडी पिंपावर चढला, प्रसेनजित शिडीवर. पान्हा लावताच बोल्ट फिरला. दुसराही फिरला.

“दोन वर्स झाले,” संदेश म्हणाला. “रिंग बघ कशी गंजली. अन् बोल्ट तेल घातल्यासारखे कसे मोकळे?”

भंते पडलेल्या पानांकडे पाहत होते.

रिंग आणि फळी चांगली जड होती. दोघांनी खांद्यानं रेटून ती वर सरकवली. भंते स्टुलावर चढले आणि खांबावरच्या फळीच्या जुन्या खुणेच्या वर आपली चार बोटं आडवी धरली.

“इथवर.”

“टेप आणू का?” संदेशनं विचारलं.

“बोटं पुरतात.”

बोल्ट आवळले. दोघेही घामाघूम झाले होते, थंडी असूनही. खाली उतरून प्रसेनजितनं रिंगकडे पाहिलं. चार बोटं म्हणजे काय मोठं अंतर! पण खालून ती फार वर गेल्यासारखी वाटत होती.

त्यानं चेंडू घेतला. मागे गेला. धावला.

ठण्ण!

चेंडू पुढच्या कडीला लागला आणि कुंड्यांमध्ये जाऊन पडला. संदेशनं आणून दिला.

दुसऱ्यांदा तेच.

तिसऱ्यांदा चेंडू हातातच निसटला.

संदेशनं शिट्टीसाठी वर नेलेली बोटं खाली घेतली.

चौथ्या उडीला प्रसेनजितच्या उजव्या हातानं रिंग पकडली, पण चेंडू कडीवरून उडून मागे गेला. क्षणभर तो रिंगला लोंबकळला, मग खाली आला आणि तिथंच जमिनीवर बसला.

“पायलं?” तो म्हणाला. “हे आहे खरं. हे घेऊन जाऊ पुण्याले?”

“हात दाखव,” भंते म्हणाले.

“काय?”

“उजवा हात.”

त्यानं हात पुढं केला. बोटांवर गंजाची आडवी, तांबूस रेघ उमटली होती. त्यानं रिंग जिथं धरली, तिथं.

“कॉलेजच्या ग्राउंडवर ही रेघ कुठं होती?”

“तिथं... तिथं रेघ कुठून येईन? हात पोचलाच नव्हता. बोटाचं टोक लागलं असन फक्त.”

“आणि आज?”

प्रसेनजितनं हात डोळ्यांजवळ नेला. डाव्या हाताची बोटं आडवी धरून रेघेपासून तळव्यापर्यंत मोजलं. चेंडू रिंगमध्ये ठोकायचा तर कुठपर्यंत पोचावं लागतं, हे त्याला पुस्तकातून शिकायची गरज नव्हती. त्यानं पुन्हा मोजलं.

“दोन बोटं,” तो म्हणाला.

मग जरा मोठ्यानं, “दोनच बोटं कमी आहे, भंतेजी!”

“अबे, म्हन्जे तू वर गेला!” संदेश ओरडला. “खोट्या रिंगवर उडून उडून तू खरोखर वर गेला बे!” आणि आता त्यानं शिट्टी मारली. डंक न होता मारलेली ती त्याची पहिली शिट्टी, आणि सगळ्यात मोठी.

प्रसेनजित हाताकडे पाहतच होता.

“तं मी दोन बोटं ओव्हररेटेड आहे,” तो म्हणाला.

आणि त्याचं त्यालाच हसू आलं. मोठ्ठं हसू. महिन्या-दोन महिन्यांत वस्तीनं त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. संदेशही हसत सुटला, पोट धरून, कारण काय ते नीट न कळता.

हसू ओसरल्यावर प्रसेनजित उठला. पान्हा घेऊन कोर्टाच्या दुसऱ्या टोकाकडे चालू लागला. तिथं दुसरी रिंग होती, तीही चार बोटं खाली.

“ती राहू दे,” भंते म्हणाले.

“ती पन खोटी आहे, भंतेजी.”

“हो.”

“मंग?”

“संध्याकाळी लहान पोरं येतात.”

प्रसेनजित घुटमळला. “त्यायले सांगान तुमी? का रिंग खाली आहे म्हनून?”

“नाही.”

“असं कसं चालन? कधीपर्यंत?”

“कोणी पान्हा मागेपर्यंत.”

...

प्रसेनजितनं एकदा दुसऱ्या रिंगकडे पाहिलं, एकदा हातातल्या पान्ह्याकडे. मग तो मागच्या ओसरीत गेला. पान्हा त्यानं स्वतः तेलकट फडक्यात गुंडाळला आणि पेटीत ठेवला.

परत आला तो सरळ संदेशपुढं.

“फोन काढ.”

“कायले?”

“टिप.”

वर केलेल्या रिंगखाली उभं राहून तो फोनकडे पाहत बोलला. बोलणं छोटंच होतं. कोचसर, नमस्कार. मी नागपूरचा प्रसेनजित डोंगरे. तुम्ही पाहिलेल्या व्हिडिओतली रिंग चार बोटं खाली होती. मला ते माहीत होतं, मी सांगितलं नाही. आता रिंग बरोबर केली आहे. ही माझी उडी.

मग तो धावला, उडाला. चेंडू कडीला लागला आणि बाहेर गेला.

“पुन्हा घेऊ?” संदेशनं विचारलं. “एखाद्या वेळेस जाईन आत.”

“नको. हाच पाठव.”

“इचार कर बे.”

“पाठव.”

संदेशनं पाठवला. दोघं एकाच फोनवर डोकी टेकवून बसले. थोड्या वेळानं पाहिल्याच्या निळ्या खुणा उमटल्या.

उत्तर आलं नाही.

आणखी वेळ गेला. उत्तर आलं नाही.

“आता?” संदेश म्हणाला. “येऊ नको म्हनले तं?”

“म्हनले नाही ना अजून.” प्रसेनजितनं फोन त्याच्या हातात दिला. “गाडी तं आजच आहे.”

त्यानं बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काढून बाजूला ठेवले आणि भंतेंपुढं येऊन तीनदा वंदन केलं. भंतेंनी हात वर केला. मग खराटा घेऊन ते पुन्हा झाडू लागले. मघापासून बरीच नवी पानं पडली होती.

प्रसेनजितनं बूट हातात घेतले, पण पाय निघत नव्हता.

“भंतेजी...”

“हं.”

“तिथं पडलो तं?”

खराटा चालू होता.

“म्हन्जे परत पाठवलं तं. उद्यापासून हे सारे इथं बसतीन. उंटाले सोडतीन अन् मले धरतीन. प्रसेन ओव्हररेटेड होता म्हनतीन. रोज माह्या नावानं भांडतीन. मी हेच केलं ना इतके दिवस, मले मालूम आहे कसे बोलतात ते.”

“मी आहे ना बे तुहा वकील,” संदेश म्हणाला. “फुकट लढीन.”

“तू तं दर खेपेले हरतो.”

“हो,” संदेश म्हणाला. “पन उठून जात नाही.”

खराटा थांबला.

“नाव इथंच राहू दे,” भंते म्हणाले. “तू जा.”